कायाकसाठी फिश फाइंडर घेताय? मासा राहू दे, आधी तळ दिसतोय का बघा

कायाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी, घेतली की दोन-चार महिन्यांत प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो, फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचं स्क्रीनवर दाखवणारं मशीन, कुठला घेऊ, पाच इंची की सात इंची. मी उलट विचारतो, कायाक घालणार कुठे? खाडीत, धरणात, की बाहेर समुद्रात? कारण इंच हा अगदी शेवटचा प्रश्न आहे. मी स्वतः सुरुवात इंचापासून केली होती, सात इंची मोठं मशीन घेतलं, त्याच्याबरोबर यूपीएसची वजनदार बॅटरी घेतली, कायाकच्या पुढच्या भागात एवढं सामान झालं की पाय पसरायला जागा राहिली नाही आणि दोन सीझन ते मशीन बहुतेक वेळा घरातच राहिलं. तो खर्च तुमचा वाचावा म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. मी मुख्यतः सिंधुदुर्गातल्या खाड्यांमध्ये आणि अधूनमधून घाटावरच्या धरणांत फिरतो, त्यामुळे सगळं त्याच अंगाने येईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. नाव फिश फाइंडर असलं तरी कायाकवर ते मासे शोधायला फारसं उपयोगी नाही, ते तळ वाचायला उपयोगी आहे. खाडीत जिताडा किंवा तांबोशी काय करते, खडपाला (पाण्याखालच्या खडकाला), पडलेल्या झाडाला, जुन्या जेटीच्या खांबांना, खोल चराच्या कडेला धरून राहते आणि प्रवाहाबरोबर खाणं समोर आलं की बाहेर पडते. ते खडप कुठे, चर कुठे वळतो, चिखल संपून दगड कुठे सुरू होतो हे कळलं की अर्धं काम झालं. पूर्वीपासून होडीवाले हे दोरीला शिसं बांधून आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा जुळवून करत आलेत. देवबागच्या बाजूला मला एका वयस्कर काकांनी पहिल्यांदा खडप दाखवलं तेव्हा हातात काहीच यंत्र नव्हतं, माडाचं एक झाड आणि मागच्या डोंगराची खांड एका रेषेत आली की म्हणाले "हंयसर खडप आसा, हंयच टाक." नंतर मी मशीन घेऊन तिथून गेलो तर बरोब्बर तिथेच तळ एकदम उचललेला दिसला. आपल्याला हेच ज्ञान पाहिजे, फक्त आपल्याकडे चाळीस वर्षं नाहीत म्हणून मशीन.

आता मशीन करतं काय ते थोडं समजून घ्या, कारण हे कळलं की दुकानदार काय सांगतो त्यातलं कामाचं किती ते आपोआप कळतं. कायाकच्या खाली जो छोटा काळा ठोकळा असतो तो ट्रान्सड्युसर, तो पाण्यात आवाजाची लहर सोडतो, ती तळाला किंवा वाटेतल्या वस्तूला आपटून परत येते, पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, त्यामुळे किती वेळात परत आली त्यावरून खोली निघते. तळ कडक असेल तर आवाज जोरात परत येतो, मऊ चिखल असेल तर बराचसा आवाज आतच जिरतो. माशाचं म्हणाल तर आवाज सगळ्यात जास्त परत येतो तो त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. आपल्याकडे घोळीचं बोत सगळ्यांना माहितीये, लाखांच्या बातम्या येतात, तर मशीनला मासा दिसतो म्हणजे मुख्यतः ते बोत दिसतं. म्हणून ज्या माशांना ही पिशवीच नसते, मुशी, पाकट, मोठा झालेला लेपा, आणि हो, सुरमई सुद्धा, ते स्क्रीनवर फिके दिसतात किंवा दिसतच नाहीत. स्क्रीन रिकामी आहे म्हणून खाली काही नाही असं कधीच समजू नका.

जपानमध्ये नागासाकीकडे फुरुनो बंधूंनी 1948 साली मासे शोधायचं पहिलं यंत्र विक्रीला आणलं, तेव्हापासून मूळ तत्त्व हेच आहे. बदललंय ते काय, आवाजाची फ्रिक्वेन्सी, आणि आलेला आवाज वाचायची अक्कल.

फ्रिक्वेन्सीकडे या. साधारण 50 ते 83 किलोहर्ट्झ म्हणजे खालच्या पट्टीतला आवाज, लांब खोल जातो पण चित्र जाडंभरडं. 200 म्हणजे मधला, उथळ पाण्यासाठी वर्षानुवर्षं वापरात असलेला. 455 आणि 800 हे डाउन इमेजिंग (खालचं बारीक चित्र) आणि साइड इमेजिंग (बाजूंचं बारीक चित्र) यासाठी, चित्र एकदम फोटोसारखं पण आवाज लवकर दमतो, आणि खाऱ्या पाण्यात तर अजून लवकर, कारण खारं पाणी वरच्या फ्रिक्वेन्सीचा आवाज जास्त शोषतं. आपण कायाकवरून जिथे गळ टाकतो तिथलं पाणी बहुतेक वेळा दहा मीटरच्या आत असतं. म्हणजे "300 मीटर खोलीपर्यंत चालतं" हे वाचून जास्त पैसे देण्यात काहीच अर्थ नाही, ती खोली तुमच्या आयुष्यात कायाकखाली येणार नाही. तुम्हाला मुख्यतः पाहिजे 200 किलोहर्ट्झ, आणि ते चर्प असलेलं. चर्प म्हणजे एकाच सुराची टुक टुक न करता आवाज खालच्या सुरातून वरच्या सुरात सरकवत नेणं, त्याने दोन जवळजवळच्या वस्तू वेगळ्या दिसतात, तळाला चिकटून असलेला मासा तळापासून सुटा दिसतो. खाडीत आपले मासे तळालाच असतात त्यामुळे चर्पवर मी तडजोड करणार नाही, स्क्रीन छोटी चालेल पण चर्प पाहिजे.

कोन हा दुसरा मुद्दा, आणि तो बहुतेक जण विचारतच नाहीत. आवाज सरळ खांबासारखा खाली जात नाही, टॉर्चच्या झोतासारखा पसरत जातो. कोन 20 अंश असेल तर तळावर दिसणाऱ्या गोलाचा व्यास खोलीच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे 3 मीटर पाण्यात जेमतेम एक मीटर. तुमची कायाक त्याहून लांब आहे. 45 अंशाचा कोन असेल तर त्याच 3 मीटरमध्ये अडीच मीटरचा गोल दिसतो, 60 अंशाला साडेतीनच्या आसपास. उथळ खाडीसाठी रुंद कोन बरा, नाहीतर तुम्ही खडपाच्या बाजूने दीड मीटरवरून निघून जाल आणि मशीनला पत्ताच लागणार नाही. उलट धरणात 15-20 मीटर पाण्यावर अरुंद कोन बरा, कारण रुंद कोनात एवढा मोठा भाग एकत्र येतो की खड्डे आणि कडा सगळं पुसून जातं. बऱ्याच छोट्या मशीनमध्ये दोन्ही मिळतात, 77 किलोहर्ट्झला रुंद आणि 200 ला अरुंद, मेनूमधून बदलता येतं, बारीक चित्राला 200, रुंद झोताला 77. घेताना खोक्यावर ट्रान्सड्युसरचे कोन किती अंश लिहिलेत ते नक्की बघा.

वॅटचा घोळ पण सांगून ठेवतो. एका मशीनवर 200 वॅट लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर 1600 वॅट, आणि आपल्याला वाटतं दुसरं आठपट दमदार. तसं नाहीये, एक आरएमएस (साधारण सरासरी ताकद) आहे आणि दुसरं पीक-टू-पीक (टोकापासून टोकापर्यंत मोजलेली), पीक-टू-पीकला आठने भागलं की आरएमएस येतो, म्हणजे दोन्ही मशीन सारखीच. दुकानदाराला स्पष्ट विचारायचं, आरएमएस किती. आणि कायाकसाठी 200 आरएमएस भरपूर झाला.

आता मशीनची नावं, कारण शेवटी सगळे तिथेच येतात. गार्मिनचं स्ट्रायकर 4 हे कायाकवाल्यांमध्ये बरंच दिसतं, साडेतीन इंची स्क्रीन, चर्प आहे, जीपीएस आहे, जागा मार्क करता येतात, पण त्यात नकाशा नाही आणि स्वतःचा नकाशा बनवायची सोयही नाही. त्याच्या वरची स्ट्रायकर प्लस आणि स्ट्रायकर विविड, यात क्विकड्रॉ नावाची सोय आहे, तुम्ही पॅडल मारत फिरलात की मशीन स्वतः खोलीच्या रेषा काढत जातं, एक-एक फुटाच्या फरकाने, आणि ते मशीनमध्येच साठवून ठेवतं. माझ्या मते आपल्या खाड्यांसाठी ही सोय सगळ्यात मोलाची आहे आणि जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर इथे द्या. कारण अमेरिकेतल्या तळ्यांचे तळाचे नकाशे तयार विकत मिळतात, आपल्या कर्लीच्या खाडीच्या आतल्या वळणांचा तसा बारीक नकाशा तुम्हाला कुणी देणार नाहीये, तो तुम्हालाच बनवायचाय. हमिनबर्डची हेलिक्स आणि लोरन्सची हुक सिरीज पण चांगली आहे, लोरन्सचं ऑटो सेटिंग नवीन माणसाला सोपं जातं. साधारण चार ते पाच इंची, चर्प, जीपीएस, नकाशा बनवायची सोय, एवढं ज्याच्यात मिळेल ते घ्या, ब्रँडवरून भांडण करण्यासारखा फरक कायाकच्या वापरात पडत नाही.

फोनवर चालणारं डीपरसारखं बॉल सोनार (सोनार म्हणजे हेच आवाजाने बघायचं तंत्र) हा एक वेगळा प्रकार आहे, लिथुआनियाची कंपनी, चेंडूएवढं यंत्र पाण्यात तरंगतं आणि वायफायवरून फोनवर चित्र पाठवतं. तुमची स्वतःची कायाक नसेल, भाड्याच्या कायाकवर जात असाल, किंवा हवा भरायची कायाक असेल तर हे सगळ्यात सोपं, ना वेगळी बॅटरी ना वायर ना काही चिकटवायचं. कायाकच्या बाजूला लावायला वाकणारा आर्म मिळतो, त्याला लावून फिरलं की नकाशा पण बनवतं. अडचण एकच, फोन. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात फोन तापतो, स्क्रीन आपोआप अंधुक होते, ओल्या बोटांनी टच चालत नाही, आणि तोच फोन अडीअडचणीला फोन करायला पण लागतो. म्हणून रोजच्या वापराला मी हे सुचवणार नाही, पण सुरुवात म्हणून, किंवा किनाऱ्यावरूनही कास्ट करणाऱ्याला (गळ लांब फेकणाऱ्याला), चांगलं आहे.

साइड इमेजिंग म्हणजे दोन्ही बाजूंचं चित्र, कायाकवर ते खरंच छान चालतं, कारण त्याला ताशी पाचेक किलोमीटरचा सावकाश एकसारखा वेग लागतो आणि पॅडलचा वेग तेवढाच असतो. पण सरळ रेषेत जायला पाहिजे, दर वल्ह्याला कायाकचं नाक हललं तर चित्र पण हलतं, म्हणून पायाने चालवायच्या पेडल कायाकवाल्यांना ते जास्त फायद्याचं. धरणात उजनीसारख्या ठिकाणी, जिथे जुनी गावं, पळसदेवचं देऊळ, झाडं, बांध सगळं पाण्याखाली गेलंय, तिथे साइड इमेजिंगने जे दिसतं ते बघून अंगावर काटा येतो, पडक्या भिंतीची सरळ रेघ एकदम स्पष्ट. पण उथळ गढूळ खाडीसाठी पहिल्याच मशीनमध्ये याचा खर्च करू नका. आणि लाइव्ह सोनार, ज्यात मासा हलताना दिसतो, त्याचा खर्च कायाकच्या किमतीपेक्षा जास्त जातो, बॅटरी पण मोठी लागते, त्याचा विचार नंतर कधीतरी.

स्क्रीनबद्दल. कायाकवर स्क्रीन तुमच्या गुडघ्यापाशी म्हणजे डोळ्यांपासून हातभर अंतरावर असते, बोटीसारखी दोन मीटरवर नाही, म्हणून चार-पाच इंच पुरतात. इंचापेक्षा दोन गोष्टी बघा. एक, उभे पिक्सेल किती. 6 मीटरची रेंज 480 पिक्सेलमध्ये दाखवली तर एक पिक्सेल म्हणजे सव्वा सेंटीमीटर, 240 मध्ये दाखवली तर अडीच सेंटीमीटर, तळाजवळचा मासा सुटा दिसायला याने फरक पडतो. दोन, उन्हात दिसतं का. दुकानाच्या आतल्या उजेडात सगळ्याच स्क्रीन सुंदर दिसतात, मशीन दाराबाहेर भर उन्हात चालू करून दाखवा म्हणा, आणि तुम्ही पोलराइज्ड गॉगल घालत असाल तर तो घालूनच बघा, काही स्क्रीन त्या गॉगलमधून आडव्या किंवा उभ्या धरल्यावर एकदम काळ्या होतात. बटणं असलेलं मशीन घ्या, टचस्क्रीन नको, खाऱ्या पाण्याचे थेंब आणि कोळंबी लावलेली बोटं यांचं टचशी जमत नाही.

बॅटरीत माझी सगळ्यात मोठी चूक झाली होती म्हणून इथे जरा जास्त लिहितो. हिशोब सोपा आहे. मशीनच्या माहितीपत्रकात 12 व्होल्टला किती अँपिअर खातं ते लिहिलेलं असतं, चार इंची छोटं मशीन पाव अँपिअरच्या आसपास, सात इंची साइड इमेजिंगवालं एक किंवा त्याहून जास्त. त्याला तुमच्या तासांनी गुणा. पाव अँपिअर गुणिले आठ तास म्हणजे 2 अँपिअर-अवर. एक अँपिअर गुणिले आठ म्हणजे 8. यूपीएसमधली 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची लेड अॅसिड बॅटरी स्वस्त असते, कुठेही मिळते, पण वजन दोन किलोच्या वर, आणि तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरायची असते, म्हणजे हातात साडेतीनच. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी एक किलोच्या आसपास भरते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते, शेवटपर्यंत व्होल्टेज पण फारसं पडत नाही, नाहीतर लेड अॅसिडवर दुपारनंतर मशीन बंद-चालू व्हायला लागतं. आज घेणाऱ्याने सरळ लिथियम आयर्न फॉस्फेट घ्यावी, छोट्या मशीनला 6-7 अँपिअर-अवर दोन दिवस सुद्धा जाते. फक्त चार्जर तिचाच वापरा, 14.6 व्होल्टचा, जुन्या बाइकच्या बॅटरीचा चार्जर लावू नका. आणि फ्यूज. बॅटरीच्या प्लसच्या वायरला, बॅटरीच्या अगदी जवळ, माहितीपत्रकात सांगितलेल्या अँपिअरचा फ्यूज टाकायचाच. खाऱ्या पाण्यात शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही आणि तुम्ही प्लॅस्टिकच्या कायाकमध्ये पाण्याच्या मधोमध बसलेले असता. बॅटरी झाकणाच्या डब्यात, डबा कायाकच्या आत वेल्क्रोने बांधलेला, वायर जिथून बाहेर येते तिथे ग्लँड, म्हणजे वायरभोवती घट्ट बसणारं, पाणी आत न सोडणारं बूच. कायाक उलटली तर डबा सुटून वायरला लोंबकळता कामा नये.

बाहेरून कुणी येणार असेल, न्यू जर्सीचा भाऊ किंवा दुबईची बहीण, तर मशीन मागवा पण बॅटरी इथेच घ्या. सुटी लिथियम बॅटरी चेक-इन बॅगेत चालत नाही, हँडबॅगेत 100 वॅट-अवरच्या आतली चालते, पण पाहुण्याला विमानतळावर उगाच अडकवू नका. आणि मागवताना दोन गोष्टी तपासा, वॉरंटी भारतात चालते का, आणि ट्रान्सड्युसर खोक्यात आहे का, कारण नुसतं मशीन वेगळं विकतात आणि कनेक्टर 4 पिनचा, 8 पिनचा, 12 पिनचा असा वेगवेगळा असतो, नंतर जुळणारा शोधताना वैताग येतो. जुनं मशीन घेत असाल तर कनेक्टरच्या पिना भिंगातून बघा, हिरवट झाल्या असतील तर खाऱ्या पाण्याने काम केलेलं आहे, सोडून द्या.

ट्रान्सड्युसर बसवायचा कुठे, याला तीन रस्ते. पहिला, कायाकच्या आतून. आपल्याकडच्या बहुतेक सिट-ऑन-टॉप (वर बसायच्या) कायाक रोटोमोल्डेड पॉलिएथिलीनच्या, म्हणजे साच्यात घडवलेल्या प्लॅस्टिकच्या, एका थराच्या असतात, साधा सोनारचा आवाज त्यातून आरपार जातो. फायदा म्हणजे बाहेर काही लोंबत नाही, कालवांच्या खडकावर घासलं तरी चिंता नाही, किनाऱ्यावर ओढता येते. अट एकच, मधे हवेचा एक बुडबुडा पण नको, हवा आली की आवाज तिथेच संपला. म्हणून चिकटवायच्या आधी चाचणी करा: कायाक पाण्यात ठेवा, आतल्या तळावर थोडं पाणी ओता, ट्रान्सड्युसर त्यात सपाट धरा, खोली बघा, मग तोच बाहेर पाण्यात धरून बघा. आकडे जुळले तर जागा बरोबर. पॉलिएथिलीनला गोंद सहसा नीट धरत नाही हे पण सांगतो, मी दोनदा चिकटवून दोनदा सुटला, शेवटी जाड फोमचा चौकोनी कप कापून तो तळावर सीलंटने बसवला, त्यात अल्ट्रासाउंडसाठी वापरतात तसला जेल भरला आणि ट्रान्सड्युसर त्यात दाबून वरून पट्टा लावला, ते अजून टिकलंय. यात तोटे दोन, पाण्याचं तापमान खरं कळत नाही कारण सेन्सर कायाकच्या आत आहे, आणि डाउन किंवा साइड इमेजिंग आतून नीट चालत नाही, त्याला ट्रान्सड्युसर पाण्यातच पाहिजे. फायबरच्या आतमध्ये फोम भरलेल्या कायाकमध्ये हा रस्ता नाही, फोममध्ये हवाच हवा असते.

दुसरा रस्ता स्कपरच्या भोकातून, म्हणजे पाणी निघून जायला जी भोकं असतात त्यात खालून बसवायचा. काही कायाकच्या पोटाला त्यासाठी खाच आणि झाकणच दिलेलं असतं, तुमच्यात असेल तर हाच सगळ्यात चांगला. नसेल तर खाली बाहेर आलेला ट्रान्सड्युसर पुळणीवर ओढताना तुटतो.

तिसरा बाजूचा आर्म, रेलवर लावलेली दांडी आणि तिच्या टोकाला ट्रान्सड्युसर, पाहिजे तेव्हा वर, पाहिजे तेव्हा खाली. इमेजिंगवाल्यांसाठी हाच. माझ्या आर्मचं एक कान कालवांच्या खडकाला लागून तुटलं, किनाऱ्याजवळ येताना वर घ्यायचा विसरलो होतो, तेव्हापासून आर्मला एक दोरी बांधून ती कायाकला अडकवतो आणि जिकडून मासा वर काढत नाही त्या बाजूला लावतो, कारण गळाला लागलेला जिताडा सरळ त्या दांडीच्या मागे जाऊन गळाची दोरी गुंडाळतो. रापणीची किंवा इतर जाळी लागलेली दिसली की आर्म वर घ्या आणि लांबून जा, ते कुणाचं तरी पोट आहे.

मशीन हातात आल्यावर पहिलं काम, फिश आयडी बंद. माशाचे गोंडस चित्र दाखवणारं ते सेटिंग पानाला, बुडबुड्याला, फांदीला पण मासाच म्हणतं. मग रेंज हाताने लावा, खाडीत 0 ते 6 किंवा 0 ते 8 मीटर, म्हणजे पूर्ण स्क्रीन कामाला येईल. सेन्सिटिव्हिटी वाढवत न्या, स्क्रीनवर मिरी पसरल्यासारखे ठिपके आले की दोन पायऱ्या कमी करा. स्क्रीन सरकायचा वेग तुमच्या पॅडलच्या वेगाला साजेसा, म्हणजे सावकाश. खारं-गोडं पाण्याचं सेटिंग असतं, ते लावा, पण विसरलात तर काही बिघडत नाही, 5 मीटरला दहा-पंधरा सेंटीमीटरचा फरक.

वाचायचं कसं? उजवी कडा म्हणजे आत्ता, बाकी सगळी स्क्रीन म्हणजे मागे गेलेलं पाणी. हे कळायला बऱ्याच जणांना वेळ लागतो, डावीकडे दिसलेला मासा समोर नाहीये, तो मागे राहिला. तळाची रेघ जाड, चकचकीत आणि तिच्या खाली दुप्पट खोलीवर तशीच दुसरी रेघ दिसली की दगड किंवा घट्ट रेती. रेघ फिकी, पसरट, खालची दुसरी रेघ नाही, म्हणजे चिखल. चिखल संपून दगड सुरू होतो ती जागा मार्क करा. माशाची कमान वगैरे यूट्यूबवर दाखवतात ती कायाक किंवा मासा सरकत असेल तर येते, तुम्ही नांगर टाकून थांबलात आणि खाली मासा थांबला तर सरळ लांब रेघ येणार, त्याला आडवी काडी समजू नका. छोट्या माशांचा थवा ढगासारखा दिसतो, त्या ढगाला एका बाजूने खिंडार पडलेलं असेल तर खाली कुणीतरी खातंय. आणि पावसाळा संपताना खाडीत मधेच एक आडवी बारीक रेघ दिसते, ती वरचं गोडं आणि खालचं खारं पाणी जिथे भेटतं तिची असते, ती दिसली तर मी ल्युअर (खोटं आमिष) त्या रेघेखाली नेतो.

दीड मीटरपेक्षा कमी पाण्यात कांदळवनाच्या कडेकडेने कास्ट करणं एवढंच तुमचं फिशिंग असेल तर मात्र प्रामाणिकपणे सांगतो, मशीन घेऊ नका. एवढ्या पाण्यात झोत कायाकखाली जेमतेम हात-दोन हात रुंद असतो आणि जिथे कायाक गेली तिथला मासा आधीच पळालेला असतो. त्या पैशात चांगलं पॅडल आणि चांगलं लाइफ जॅकेट घ्या.

भरती-ओहोटीचं लक्षात ठेवा, नाहीतर नकाशा चुकेल. उधाणाच्या दिवसांत मुंबईकडे पाणी चार मीटरहून जास्त वरखाली होतं, मालवण-गोव्याकडे त्याच्या साधारण निम्मं. सकाळी भरतीला 4 मीटर दाखवलेलं खडप दुपारी अडीचवर येतं. म्हणून मी नकाशा बनवायचं काम भांगाच्या दिवसांत, म्हणजे पाणी सगळ्यात कमी वरखाली होतं तेव्हा, पाणी चढून थांबलं की त्याच्या आसपास करतो, तेव्हा पाणी कमी हलतं, आकडे जुळतात आणि पॅडल मारायलाही त्रास कमी. मार्क करताना नावात भरती होती की सुकती (ओहोटी) तेवढं दोन अक्षरात लिहून ठेवतो.

पहिल्या दिवशी गळ घरीच ठेवा, खरंच. खाडीचा एक अर्धा किलोमीटरचा तुकडा निवडा, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवं जा, दहा मीटर पुढे सरका, परत आडवं या, असं शेत नांगरल्यासारखं. दोन-तीन तासांत चराची रेघ, कडा, दोन-चार खडपं मिळतात. धरणात करणार असाल तर आधी तिथल्या मच्छीमार सोसायटीला विचारा, बऱ्याच धरणांचा मासेमारीचा ठेका त्यांच्याकडे असतो. घरी आल्यावर मशीन, कनेक्टर, आर्म सगळं गोड्या पाण्याने धुवा, प्रेशरने नाही, मगने ओतून, कारण आयपीएक्स7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल एवढंच, जोराच्या फवाऱ्याची हमी त्यात नाही. कोरडं झालं की पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून टोपी घाला, आणि बॅटरी डब्यातून काढून ठेवा.